तारीख न टाकलेला इसार

१७ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

पोचलो एकदाचे घरी. तीन दिवस जहाज, मंग एक रात्र रेल्वे, मंग तुमसर रोडवरून सिहोऱ्यापर्यंत जीपमधी कोंबलेली सोळा माणसं. अंग ठणकून राहिलं. पलंगावर पडली तरी पलंग हालतेच. हे म्हणे, "पलंग नाई हालत वो, तुहं डोकं हालते." मी हसली नाई. हसाले बी ताकद लागते.

ही वही अंगणवाडीची. सेविकेचं काम सोडलं तवा बालकांच्या वजनाच्या दोन कोऱ्या नोंदवह्या घरीच राहून गेल्या. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात वजन, तिसऱ्यात शेरा. मी रकाने ओलांडून आडवंच लिहून राहिली. रुखमाले समजलं तर ती दवंडी पिटेल, निर्मलानं सरकारी वही पचवली म्हणून. रुखमा म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. लाखांदूरले राहते. आठ वर्षं झाली, मी तिच्याशी बोलत नाई.

जहाजावर दामिनीनं नेलं. आमची एकुलती एक, पुण्यात कंपनीत आहे. "आई-बाबा, तुम्ही काहीच पाहिलं नाही," म्हणे. मुंबईहून गोवा आन् वापस. जहाज कायचं, तुमसरचा बाजार आन् चार मंगल कार्यालयं एकावर एक ठेवलेली. जेवाले इतके प्रकार का कोणता खाऊ न कोणता नाई. आमच्या याईनं, दामिनीच्या बाबानं, तर काहीच धड खाल्लं नाई. वाटीभर दही-भात. पैसे पोरीनं भरले आन् खाल्ला दही-भात!

याईनं तीस वर्षं चिखल्याच्या मँगनीज खाणीतल्या मजुरांची बस चालवली. पाळीले नेलं, पाळीवरून आणलं. जल्मात पयल्यांदा दुसरा कोणी चालवून राहिला आन् हे बसून होते. पण बसतील तर! घडी घडी समोर जाऊन पाहात, डायवर कुठी बसते. दिसला नाई म्हणून जीव कासावीस.

आता कपडे काढता काढता बॅगमधून निळी फाइल निघाली. त्यात कागद. पुढच्या सफरीसाठी जहाजावरच भरलेली अनामत, रुपये वीस हजार. प्रवासी दोन. प्रवासाची तारीख ठरलेली नाही. पयलं नाव, निर्मला दिघोरे. दुसरं नाव, रुखमा बोरकर.

तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. हे न्हाणीत होते. मी फाइल होती तशी ठेवून देली. आज भांडाचं त्राण नाई. उद्या.


१८ ऑक्टोबर, शुक्रवार

भांडली.

चाय देता देताच फाइल पुढ्यात आपटली. म्हणलं, "हे काय होय?"

हे म्हणे, "इसार देला."

"कायचा इसार?"

"परत जाण्याचा. ते पोरगी काउंटरवर बसली होती ना, लाल टायवाली, ते म्हने आजच अनामत भरा, तारीख मंग सवडीनं ठरवा. जहाजावर भरली तं सूट भेटते. घरून भरली तं नाई भेटत. तू आन् दामी जादूचा खेळ पाहाले गेल्या होत्या. मी भरून टाकलं."

"आन् ही रुखमा कुठून आली?"

"तुमी दोघी जा."

"आन् तुमी?"

"मी पाहून आलो. डायवरले एक चक्कर बस हाये."

चाय प्याले आन् उठून ढोराईच्या कोठ्यात गेले. मी एकटीच बडबडत बसली.

काहून बडबडू नोको? २०१६ साली मायच्या तेरवीले, पंगत बसली असताना, शंभर माणसात रुखमा म्हणे, "निर्मलाच्या घरी काय कमी हाये, अंगनवाडीचा खाऊ घरीच येते." शंभर माणसात! तीस वर्षं मी एक चिमूट उसळ घरी आणली नाई. दामिनी लहानपणी रडे, तरी नाई आणली. त्या दिवसापासून मी तिच्या दाराची पायरी चढली नाई. तिचा मालक वारला तवा बी स्मशानातून परस्पर वापस आली. हे एकटेच घरात गेले होते.

आन् एक गोष्ट लिहूनच टाकतो, वही कोणी वाचत नाई. सत्त्याऐंशी साली हे पोरगी पाहाले आले ते रुखमाले पाहाले आले होते. रुखमानं नाक मुरडलं, डायवरले नाई करत म्हणे. मंग बाबांनी मले पाटावर बसवलं. सदतीस वर्षं झाली या गोष्टीले. मी कधी काढली नाई. पण वीस हजार रुपये भरून तिले समुद्रावर पाठवून राहिले हे, तर डोस्क्यात काय येईल बाईच्या?


२० ऑक्टोबर, रविवार

श्यामराव आले होते. मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या गावजत्रेचे, अध्यक्ष. आमच्या मंडईले दरवर्षी नाटक होते, आन् नाटकाचा इसार द्याले वडस्याले दरवर्षी हेच जातात, बावीस वर्षांपासून. नाटक कंपनीच्या हापिसात बसून, नाटकाचं नाव, तारीख, इसार, सगळं कागदावर उतरवून आणतात. यंदा मात्र म्हणे, "श्यामराव, यंदा दुसऱ्या कोनाले पाठवा. मले बस लागते." बस लागते! तीस वर्षं बस चालवणाऱ्याले!

मंग मी चाय देता देता विचारलं, "काहो भाऊजी, तारीख न टाकता इसार देतेत काय?"

ते हसाले लागले. "वयनी, तारीख नाई तं तो इसार कायचा? तो तं दानधर्म झाला. इसाराले दोनच गोष्टी लागतेत, नाव आन् तारीख. एकदा लिवलं का मंग पानी येवो, कोनी मरो, नाटक होते म्हंजे होते. दोन हजार पाच साली पाटील वारले नाई काय, आपल्या मंडईच्या दिवशी? सकाळी माती देली आन् सांजच्याले पडदा उघडला. या भाऊचाच हट्ट होता."

मी याईच्याकडे पाहून म्हणलं, "ऐकलं?"

हे म्हणे, "ऐकलं. नाव टाकलं ना मी? तारीख काय, येतेच."


२२ ऑक्टोबर, मंगळवार

दामिनीले फोन केला. पोरीनं कागदाचा फोटो मागवला आन् सगळं पाहून सांगतलं. तारीख दोन वर्षांत कवाही टाकता येते, ऑक्टोबर २०२६ पावतर. मंग पैसे बुडतात. नाव बदलता येत नाई. रुखमाच्या जागी बाबाचं नाव टाक म्हणलं तर म्हणे, "नाही होत आई, ज्याचं नाव त्याचीच अनामत. पाहिजे तर रद्द करून पैसे परत मिळतात, पण त्या फॉर्मवर दोघींच्या सह्या लागतात." म्हणजे रुखमाचीही. घ्या!

मी म्हणलं, "तुह्या बाबानं असं काहून केलं?"

"मला काय माहीत? मला तर बोललेच नाहीत. आणि मावशीचा आधार नंबर कसा काय होता त्यांच्याजवळ?"

हे माझ्या ध्यानातच नव्हतं आलं. रुखमाचा आधार नंबर जहाजावर कुठून आला? म्हणजे निघाच्या आधीच घेऊन ठेवला होता. म्हणजे भेटले होते. कवा? कुठी?

फोन ठेवला. छप्पन वर्षांची झाली मी. या वयात हे बी पाहणं होतं का काय माय!


२७ ऑक्टोबर, रविवार

चार दिवस लिहिलं नाई. धान कापणी लागली. बाया मिळत नाईत, मिळाल्या तर दहा वाजता येतात. स्वतःच विळा धरला. कंबर गेली कामातून.

हे धुऱ्याच्या बांधावर बसून राहतात. म्हणलं, "पेंढ्या तरी बांधा." दोन बांधल्या आन् बसले. जहाजावरून आल्यापासून साहेब झाले. आळस अंगात भिनला का मंग निघत नाई. जेवणाचं बी नाटकच. अर्धी पोळी खातात, अर्धी कुत्र्याले टाकतात. "पोटात गॅस धरते," म्हणे. ओवा देला, हिंग लावला.

सकाळी कमरेचा पट्टा घेऊन आले. "याले एक भोक पाडून दे." दाभण तापवून पाडून देलं. मी म्हणलं, सत्तर किलोचा माणूस, बासष्टवर आला असन. पोरांची वजनं घेऊन घेऊन नजरच तशी झाली, माणूस दिसला का आकडा दिसते. हे म्हणे, "बरं हाये ना, डाक्टर लोक वजन कमी करा म्हनून कोकलतेत."

दुपारी मोटरपंप शिकवला मले. स्टार्टर कसा दाबाचा, फ्यूज उडला तर काय कराचं. मी म्हणलं, "कायले? तुमी आहा ना." तर चिडले. "तुले आलं पाहिजे. एकदा चालू करून दाखव." तीनदा करून दाखवलं तवा सोडलं. मागच्या हप्त्यात गॅसचं कार्ड माझ्या नावानं करून आणलं. उद्या म्हणे नागपूरले जातो, पेन्शनच्या कामासाठी. ऑगस्टपासून हे चौथ्यांदा. कायचं पेन्शन हापिस होय का तमाशा होय, एक काम चार चकरेत होत नाई.

का तिकडूनच लाखांदूर?


३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

दामिनी आली नाई, सुटी सगळी जहाजात गेली. दोघंच घरी. अनारसे केले, कोणी खाल्ले नाईत.

सांजच्याले हे म्हणे, "रुखमाबाई एकटीच असन वो आज. ना भाऊ, ना मालक. एक फोन लाव."

मी म्हणलं, "तुमीच लावा. तुमाले नंबर पाठ असन."

हे हळूच म्हणे, "निर्मला, तिनं चूक केली. पन आठ वर्सं म्हंजे लय झाली."

मले नावानं हाक मारली. कधी मारत नाईत. दामीची माय, नाई तर नुसतं 'का वो'. मी बी याईचं नाव घेत नाई, या वहीतही लिहिलं नाई. त्या नावानं हाक ऐकून मले बरं वाटाले पाहिजे होतं तर जास्तच राग आला. वाटलं, तिच्यासाठी माझं नाव आठवलं.

ताट सरकवून उठून गेली. बरं नाई केलं सणाच्या दिवशी. पण केलं.


१० नोव्हेंबर, रविवार

काल मंडई झाली. गाव फुलून गेलं होतं, पावणे-रावळे, पाळणे, दंडारीचे खेळ. आमच्याकडे पावणे नाईत, म्हणून घासाले भांडी कमी पडली, तेवढंच सुख.

निघताना पट्ट्याले आणखी एक भोक पाडून मागतलं. पाडून देलं. नवीन पट्टा घेत नाईत, कंजूसपणा जल्माचा.

नाटक सोडून हे दुसऱ्या अंकातच घरी आले. बावीस वर्षांत असं झालं नाई. पडदा पडेपावतर खुर्चीवरून न हालणारा माणूस. म्हणे, "शेवट माहीत हाये मले." आन् कुशीवर वळून झोपले.

आज सकाळी मी ठरवलं. हा कागद घरात आहे तवलोक माझ्या जिवाले चैन नाई. दामिनीनं रद्द कराचा फॉर्म पाठवला, तो तुमसरवरून छापून आणला. माझी सही केली. धान घरी आलं का लाखांदूरले जातो, तिच्या पुढ्यात टाकतो आन् सही घेतो. आन् तोंडावर विचारतो, माझ्या घरात तुझं काय आहे म्हणून. होऊन जाऊ दे.


१४ नोव्हेंबर, गुरुवार. भंडारा बसस्टँड

तुमसरची गाडी पाऊण तास उशिरा आहे म्हणतात. बाकावर बसून लिहून राहिली. फॉर्म मोडू नये म्हणून या वहीत ठेवून नेला होता. फॉर्म आहे तसाच आहे.

पहाटेच निघाली होती. सिहोरा, तुमसर, भंडारा, पवनी, लाखांदूर. अर्ध्या तिकिटात अर्धा जिल्हा. साडेअकरा वाजता रुखमाच्या दारात. ती ओसरीत तूर निवडून राहिली होती. मले पाहून उठली नाई, दचकली नाई, काही नाई. म्हणे, "ये. माहीत होतं मले. जवाई म्हनलेच होते, ती येईन, आन् भांडालेच येईन."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हंजे येत होते इथं!"

"तीनदा आले."

"तीनदा! लाज नाई वाटत तुले सांगाले?"

ती म्हणे, "पानी पे पयले."

मी पाणी पेली नाई. पाटावर बसली नाई. तिच्या खुंटीले नवीकोरी बॅग टांगलेली, लेबल बी काढलेलं नाई. देवळीत उलटी न होण्याच्या गोळ्यांची पुडी. रुखमा पाण्याले अशी भेते का लहानपणी बोडीच्या तळ्यात घोट्यापेक्षा वर कधी उतरली नाई. एकदा पाय घसरला तर मीच वेणीले धरून वढली होती, मी सात वर्षांची, ते दहाची. त्या दिवसापासून नदीवरचा पूल आला तरी बसमधी डोळे मिटून घेते. ते बाई समुद्रावर जाणार?

मी म्हणलं, "तू हो काहून म्हनली?"

"त्याईनं मागतलं. कधी कोनाले काही मागतलं नाई त्या मानसानं."

"आन् तू द्याले निघाली! सत्त्याऐंशी साली काहून नाई म्हनली होती मंग?"

हे बोलली आन् माझी मले लाज वाटली. मले वाटलं आता उसळेल. तर तिच्या डोळ्याले पाणी आलं. म्हणे, "येडी होय का वो तू? मायच्या तेरवीले मी जे बोलली ते खोटं बोलली. माय शेवटपावतर तुहंच नाव घेऊन मेली, मी उशाशी बसली होती तरी. माह्या पोटात दुखलं, म्हनून बोलली. मले मार पाह्यजे तं. पन या कागदावर सही मी करत नाई. मी त्याईचा इसार घेतला."

"कायचा इसार? काय बोलून राहिली तू?"

तिनं तुरीचं सूप बाजूले ठेवलं. म्हणे, "निर्मले, तीस वर्सं तू लोकाईचे पोट्टे काट्याले टांगले. घरच्या मानसाले कधी टांगलं काय?"

बस. एवढंच बोलली. मी म्हणलं, "म्हंजे?" ती पदर तोंडाले लावून रडाले लागली आन् काही केल्या बोलेना. म्हणे, "मले किरिया घालून गेले, मी नाई सांगत. तू जाय. घरी जाय."

मी निघाली. चाय तशीच राहिली.

पवनीपावतर मी रागातच होती. मंग पूल आला. खाली पाणी होतं, आन् मले एकदम पट्टा आठवला. पट्ट्याले भोक कोणी पाडलं? मीच. दाभणानं, या हातानं, दोनदा. एक दिवाळीच्या आधी, एक मंडईच्या दिवशी.

हजार पोरं तोलली मी. आई-बापाले घरी जाऊन सांगे, पोरगं पिवळ्या पट्टीत आहे, लाल पट्टीत चाललं, दवाखान्यात न्या. एक बाई म्हणे, "मॅडम, मले तं रोज पाहून पाहून समजलंच नाई." मी तिच्यावर केवढी खेकसली होती. आई होय का काय होय म्हणलं होतं.

तुमसरची गाडी आली.


१५ नोव्हेंबर, शुक्रवार

अंगणात धानाची पोती पडली आहेत आन् व्यापाऱ्याचा काटा कालपासून आमच्याच इथं ठेवला आहे, आकडे दिसणारा. सकाळी हे तोंड धुवून आले. मी म्हणलं, "काट्यावर उभे राहा."

"कायले?"

"उभे राहा म्हणलं ना."

राहिले. पायातली चप्पल काढून राहिले, जशी मी पोरांची काढाले लावे तशी. त्रेपन्न किलो चारशे.

मी आकडा दोनदा वाचला. हे म्हणे, "पोतं हलकं भरलं वो यंदा."

हसवाले गेले. मी मटकन खाली पोत्यावर बसली. मंग हे बी बाजूले येऊन बसले आन् म्हणे, "नागपूरचा काटा बी हेच सांगते."

पेन्शन हापिस नव्हतंच. पोटात गाठ आहे. लिव्हरपावतर गेली. ऑपरेशन होत नाई म्हणे. ऑगस्टमधीच समजलं होतं. दामिनीनं जहाजाचं काढलं ते सप्टेंबरमधी, आन् हे मुकाट्यानं हो म्हणले.

मी रडली. काय लिहू, जनावरासारखी रडली. म्हणलं, "मले काहून नाई सांगतलं? पाप्या माणसा, मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू जहाजावर आली असती काय? दवाखान्याच्या दारात बसली असती माळ घेऊन. तुले समुद्र दाखवाचा होता. तू त्या वरच्या मजल्यावर वाऱ्यात उभी होती, डोक्यावरचा पदर उडाला, आन् तू तो लवकर घेतलाच नाई. मी पाहून राहिलो होतो. मले वाटलं, हिनं आनखी एकदा याले पाहिजे. काउंटरवाल्या पोरीनं दुसरं नाव विचारलं. माहं टाकून काय फायदा होता? रुखमाबाईले तिथूनच फोन लावला, तिनं हो म्हनून आधार नंबर सांगतला."

"म्हणून रुखमा? जगात दुसरं कोणी भेटलं नाई?"

तर हे काय म्हणावं! म्हणे, "तुले भांडाले कोनी पाहिजे वो. दामी भांडत नाई, ते फोन ठेवून देते. शेजारीन तुह्यापुढं टिकत नाई. तुह्या तोडीची एकच हाये, रुखमाबाई. आन् घरी बसून तू तिले कधी बोलली नसती. इसार देला का मंग नाटक करनंच पडते. मी मंडईवाला मानूस होय."

मी त्याईच्या छातीवर बुक्क्या मारल्या. हाडं लागली हाताले. थांबली.

आज या वहीचे रकाने पयल्यांदा नीट भरले. नाव, ईश्वर. वजन, त्रेपन्न किलो चारशे. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. शेरा काय देऊ? सेविकेचं लक्ष नव्हतं.

रद्द कराचा फॉर्म चुलीत टाकला.


१ डिसेंबर, रविवार

रुखमा आली, बारा दिवस झाले. मीच फोन केला होता. म्हणलं, "बाई, ये." एवढंच म्हणता आलं. नवी बॅग घेऊन आली, लेबल तसंच. दामिनी बी आली होती, आठ दिवस राहिली, बापाचा हात धरून बसली, आता पुन्हा येते म्हणून गेली. पोरीचं तोंड पाहवत नव्हतं. नागपूरच्या दोन चकरा झाल्या. डॉक्टर दुखण्याच्या गोळ्या देतात, आन् खाली पाहून बोलतात.

रुखमाचं आन् माझं रोज वाजते. काल वरणावरून. तिले वरणात गूळ लागते, आमच्या घरी कधी पडत नाई. ती म्हणे, "मायच्या हातचं वरन असंच राहे." मी म्हणलं, "मायच्या हातचं तू एकटीनंच खाल्लं काय?" ती पळी आपटून गेली, मी झाकणी आपटली. खाटेवरून हे हसून राहिले होते. हसता हसता ठसका लागला, तर आमी दोघी एकदमच धावलो आन् दारात एकमेकीवर आदळलो. मंग तिघं बी हसलो. दाळ मात्र गोडच झाली होती.

थकली मी. लिहाले बसली का डोळे मिटतात. रातचं दोघी पाळीपाळीनं जागतो, खाणीतल्या पाळ्यांसारखं. रुखमा पयली पाळी घेते, मी दुसरी.


६ डिसेंबर, शुक्रवार

एकावन्न किलो. खाटेवरून उचलून मीच उभं केलं, रुखमानं धरलं.


११ डिसेंबर, बुधवार

आज दुपारी फोन आला. पोरीचा आवाज, गोड, सांभाळून बोलणारा. म्हणे, "निर्मला मॅडम बोलता का? मॅडम, तुमची आमच्या जहाजावर अनामत जमा आहे, तुम्ही आणि रुखमा मॅडम. फेब्रुवारीची सफर खुली झाली आहे. आता तारीख निवडली तर खिडकीची खोली मिळेल. कोणती तारीख टाकू?"

मी अंगणात होती. दारातून खाट दिसे. हे जागे होते, छताकडे पाहून राहिले होते. अंगावरची चादर वर-खाली होते का नाई, हे पाहाची आता सवयच लागली मले.

पोरगी म्हणे, "मॅडम? फेब्रुवारी नको असेल तर मार्च आहे. मार्चची टाकू?"

मी म्हणलं, "नोको."

"मग एप्रिल?"

"बाई, तारीखच नोको टाकू. राहू दे तशीच."

"तारखेशिवाय किती दिवस ठेवणार मॅडम?"

"शेवटलोक ठेव. दोन वर्षं म्हणले होते ना? दोन वर्षं पूर्ण होऊ दे."

तिले काय समजलं कोण जाणे. "ठीक आहे मॅडम, तुमचा दिवस चांगला जावो," म्हणे आन् ठेवला.

आत गेली. रुखमा पेज घेऊन बसली होती. दोन चमचे गेली होती पोटात, तिसरा हे घेत नव्हते. माझ्याकडे मान वळवून हळू म्हणे, "कोन होतं वो?"

"जहाजवाली. तारीख मागून राहिली होती."

"देली?"

मी रुखमाच्या हातातली वाटी घेतली आन् खाटेवर टेकली. म्हणलं, "नाई देली. मले काही घाई नाई."